आधार दिसता कामा नये

शर्ट धुवायला टाकण्याआधी नवरोबांनी सवयीने खिसा चाचपला आणि हाताला प्लास्टिकच्या गिट्ट्या लागल्या. सगळ्याच्या सगळ्या, कोऱ्या करकरीत. भिंतीला भोक पाडलं की आधी त्यात गिट्टी ठोकायची, मग गिट्टीत स्क्रू पिळायचा, म्हणजे स्क्रू भिंत सोडत नाही, हे सुताराने त्यांना बजावून सांगितलं होतं. नवरोबांनी गिट्ट्या हाताशी असाव्यात म्हणून खिशात टाकल्या आणि पुढे विसरून गेले. काल फळी लावताना स्क्रू सैल लागत होते तेव्हा त्यांनी भोकात आगपेटीच्या काड्या कोंबल्या होत्या. आता त्यांनी गिट्ट्या पुन्हा पुन्हा मोजून पाहिल्या.

कारण फळी हॉलमध्ये होती, आणि फळीखाली सासूबाई होत्या.

घराचं रूप पालटायचं ही कल्पना बायकोची. हॉलमध्ये सोफ्याच्या वर एक लांबलचक जाड फळी आणि बेडरूममध्ये पलंगाच्या वर तिची धाकटी बहीण म्हणावी अशी छोटी फळी, दोन्ही हवेत तरंगल्यासारख्या दिसायला हव्यात. सुतार आला, त्याने माप घेतलं आणि खालून लोखंडी पट्ट्या माराव्या लागतील म्हणाला.

"छे छे! आधार दिसता कामा नये," नवरोबा म्हणाले. "आधार दिसला की शोभा गेली."

"दिसू नको दे साहेब, पण असायला तर हवा ना?"

"एवढी भिंत आहे की! राहू द्या, मीच करतो."

नवरोबा विमा कंपनीत होते. लोकांचे अपघाताचे दावे तपासायचे आणि 'सदर घटना अर्जदाराच्या निष्काळजीपणामुळे घडली आहे' असं लिहून परत पाठवायचे, यात त्यांची हयात गेली. कुठली वस्तू कुणाच्या डोक्यात कशी पडते, याची त्यांना इत्थंभूत माहिती होती. म्हणूनच आता ते इतके घाबरले.

खरं सांगून टाकावं म्हणून ते हॉलमध्ये आले. बायको फोनवर होती. "अगं, ह्यांनी स्वतः! सुताराला हातसुद्धा लावू दिला नाही. फोटो पाठवलाय बघ." फळीवर तिने वडिलांचं पितळी घड्याळ ठेववून घेतलं होतं, जे उचलायला दोन माणसं लागत. शेजारी मातीच्या दोन कुंड्या आणि जाडजूड पुस्तकांची रांग. खाली सोफ्यावर, गुडघ्याचं ऑपरेशन करून लेकीकडे विश्रांतीला आलेल्या सासूबाई पाय लांब करून पेपर वाचत होत्या. घड्याळ बरोबर त्यांच्या भांगाच्या वर होतं.

आता सांगायची सोय नव्हती. उद्या दोघी झोपल्या की गुपचूप फळी उतरवू, असं त्यांनी ठरवलं. पण सासूबाई दुपारी सोफ्यावरच झोपत, आणि रात्री एकट्याने भरलेल्या फळीला हात लावायचा म्हणजे तिला पडायचं आमंत्रणच द्यायचं.

"आई, जरा इकडे खिडकीपाशी बसता का? इथे छान उजेड येतो."

"इथे बरं आहे हो, जावईबापू. टेकायला मिळतं."

"पण डोळ्यांना ताण पडेल."

सासूबाई उठल्या, वॉकर सरकवत खिडकीपाशी गेल्या. नवरोबा लगबगीने त्यांच्या जागेवर जाऊन बसले, कारण जागा रिकामी राहिली असती तर बायको बसली असती. मान आखडून, श्वास रोखून ते बसून राहिले. मागून भिंतीत बारीकसं काहीतरी करकरलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

पुढे रोज हेच सुरू झालं. नवरोबा ऑफिसातून धापा टाकत यायचे, चपला काढायच्या आधी सासूबाईंच्या डोक्याकडे बघायचे, मग डोक्याच्या वर बघायचे. "आई, उजेड," म्हणायचे आणि त्यांना उठवून स्वतः बसायचे. चहा तिथेच, जेवण तिथेच. दाराची बेल जोरात वाजली तरी ते आधी वर बघायचे. ऑफिसात दाव्याच्या कागदावर 'डोक्याला मार' हे शब्द दिसले की ते घरी बायकोला फोन लावायचे.

"आई कुठे बसल्यात?"

"सोफ्यावर. का?"

"काही नाही. सहज."

सासूबाईंनी एकदा लेकीला हळूच विचारलं, "जावईबापू सारखे माझ्या डोक्याकडे का बघतात गं? केस फार विरळ झालेत का माझे?" आणि दुसऱ्या दिवसापासून त्या डोक्याला स्कार्फ बांधून बसू लागल्या. स्कार्फ बघून नवरोबांना वाटलं, यांना कळलंय. मग वाटलं, कळलं असतं तर स्कार्फ कशाला, हेल्मेट घातलं असतं.

शेवटी एका संध्याकाळी बायकोचा बांध फुटला. नवरोबांनी नुकतंच सासूबाईंना अर्धा कप चहा झालेला असताना उठवलं होतं.

"अहो, बाहेर अंधार पडलाय! कसला उजेड येतोय खिडकीतून?"

"चांदण्याचा..."

"पुरे! आईचं ऑपरेशन झालंय, आणि तुम्ही तिला दिवसातून दहा वेळा उठवून स्वतः बूड टेकवता. ती नको झालीय तुम्हाला, असं सरळ सांगा ना! मी तिला दादाकडे घेऊन जाते. आणि मीही तिथेच राहीन."

"अगं, तसं नाही..."

"मग कसं आहे?"

नवरोबांनी फळीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. बायको पाय आपटत बेडरूममध्ये बॅग भरायला निघून गेली.

आता मात्र त्यांचा धीर सुटला. बायको निघून गेली तर या घराला तरंगती फळी काय आणि न तरंगती फळी काय! ते खिडकीपाशी गेले, सासूबाईंच्या पायाशी स्टूल ओढून बसले आणि खिशातल्या गिट्ट्या त्यांच्या हातावर ठेवल्या.

"आई, फळी काड्यांवर उभी आहे. ह्या आत घालायच्याच राहिल्या. तुम्हाला लागू नये म्हणून मी उठवत होतो. मला हिंमत झाली नाही सांगायची. मी फार घाबरलो होतो हो."

सासूबाईंनी एक गिट्टी उचलून डोळ्यांपाशी धरली.

"मला माहिती आहे."

"काय?"

"माझ्या खांद्यावर रोज पांढरी पूड पडायची. आधी वाटलं कोंड्याने केस गळतायत, म्हणून तो स्कार्फ. मग एक दिवस पेपरवर खडा पडला, तेव्हा वर बघितलं. तुम्ही दोघं बाहेर गेलात आणि मी सुताराला बोलावून घेतलं. त्याने पक्की केली फळी. आता तिच्यावर हत्ती बसवा."

नवरोबांना रडावं की हसावं कळेना. "मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही हौसेने लावली होतीत, म्हटलं कशाला दुखवा. आणि खरं सांगू? पडणाऱ्या फळीखाली सासूच्या जागी जाऊन बसणारा जावई कुणाला मिळतो? मला ते बघायला आवडायला लागलं होतं."

नवरोबांनी कित्येक दिवसांनी पोटभर श्वास घेतला. खांदे खाली आले. सासूबाईंनी गिट्ट्या त्यांच्या हातात परत दिल्या आणि सहज म्हणाल्या, "सुतार विचारत होता, आतली फळीपण बघू का? पण तुमच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. लेकी-जावयाच्या खोलीत मी कशी शिरू?"

नवरोबांनी बेडरूमच्या दाराकडे वळून पाहिलं.

इतके दिवस हॉलमधल्या फळीच्या काळजीने दमून ते ज्या पलंगावर गाढ झोपत होते, त्याच्या उशाशी वर फळीची ती धाकटी बहीण होती. तिच्यावर ऑफिसने दिलेली संगमरवरी ढाल होती, 'निष्काळजीपणाविरुद्ध अथक कार्याबद्दल'. आणि खाली, या क्षणी, बायको बॅग भरत होती.

ते धावले. बायको बरोबर ढालीखाली बसून साड्यांच्या घड्या घालत होती. दार उघडल्याच्या धक्क्याने भिंतीत काहीतरी करकरलं आणि तिच्या खांद्यावर चिमूटभर पांढरी पूड उतरली.

सांगून टाकायचं असं ठरवूनच नवरोबांनी तोंड उघडलं.

"अगं, जरा तिकडे कोपऱ्यात बसतेस का? तिथे छान उजेड येतो."

बायको ताडकन उठली. "म्हणजे आता मलाही?"

ती उठताच जागा रिकामी झाली. नवरोबा मान आखडून तिथे जाऊन बसले, डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. तेवढ्यात दाराशी वॉकर वाजला. सासूबाईंच्या एका हातात फोन होता आणि फोनवर सुताराचा नंबर लागत होता.

"बॅग ठेव खाली आणि बाहेर चल माझ्याबरोबर. मी कुठेही जात नाहीये," त्या लेकीला म्हणाल्या. "आणि यांना बसू दे इथेच. यांना इथला उजेड आवडतो."