गेलेल्यांच्या यादीत फिनबार

नाताळच्या आठवड्यात डिंफना गेराटीला अख्खं वर्ष चार पानांत कोंबायचं होतं. गावच्या साप्ताहिकाची ती संपादक, वार्ताहर आणि शिपाईसुद्धा. निवडणूक, हर्लिंग या आयरिश चेंडू-काठीच्या खेळातला हरलेला उपांत्य सामना, नाट्यमहोत्सव, पूर, सगळं बसलं. उरल्या दोन याद्या: 'जूनच्या निवडणुकीत खुर्ची गेलेले' आणि 'आपल्यातून गेलेले'. जागा मात्र एकाच यादीपुरती होती. डिंफनाने घाईघाईत 'गेलेले' एवढंच वाचलं आणि सगळ्यांना एकाच काळ्या चौकटीत बसवून टाकलं.

अशा रीतीने, सतरा मतांनी पडलेले कौन्सिलर फिनबार हेनेबरी शुक्रवारच्या अंकात वारले.

खुद्द फिनबारना याचा पत्ताच नव्हता. ते कॉर्कला मुलीकडे होते. रविवारी परतले ते तडक मैदानावर, हर्लिंगच्या सामन्याला. पाहतात तो दोन्ही संघ मान खाली घालून उभे, सगळं गाव भर पावसात चिडीचूप. फिनबारनीही टोपी काढली आणि पोस्टमन डोनालच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"कोण गेलं रे?" त्यांनी हळूच विचारलं.

"फिनबार हेनेबरी," डोनाल डोळे मिटूनच म्हणाला. "बिचारा! तिरसट होता, पण माणूस चांगला."

"तिरसट? कधी होतो मी तिरसट?"

डोनालने डोळे उघडले. तो किंचाळणार, तेवढ्यात फिनबारनी त्याच्या तोंडावर हात दाबला. "गप! लाउडस्पीकरवर माझ्याबद्दल काय बोलतायत ते ऐकू दे."

बोलत होत्या फिलोमिना केडिगन, त्यांना सतरा मतांनी पाडणाऱ्या. "अकरा वर्षं फिनबार प्रेक्षकांच्या या उघड्या स्टँडवर छत मागत होते," त्या म्हणाल्या. "आणि अकरा वर्षं मी आडवी येत होते. काल तातडीची बैठक बोलावून मीच ठराव मंजूर करून घेतला. फिनबार हेनेबरी स्मृती छत!"

लोकांनी रुमाल काढले. फिनबारचेही डोळे भरून आले. ते लगबगीने फिलोमिनाबाईंकडे गेले. बाईंच्या हातून माइक पडला.

"अगंबाई! तुम्ही जिवंत आहात?"

"का? काही हरकत?"

"माझी कसली हरकत! पण ठरावात 'दिवंगत' लिहिलंय ना. तुम्ही जिवंत निघालात तर ठराव रद्द. प्रकरण परत समितीत जाणार."

समितीत म्हणजे आणखी अकरा वर्षं, हे फिनबारना ठाऊक होतं. त्यांनी स्टँडकडे पाहिलं. म्हाताऱ्या बायका डोक्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन कुडकुडत बसल्या होत्या.

"छत पुरं कधी होईल?"

"मार्चअखेर."

इतक्यात डिंफना धापा टाकत आली. "फिनबारकाका, चुकलं हो माझं! पुढच्याच अंकात दुरुस्ती छापते. पहिल्या पानावर, ठळक!"

"खबरदार!" फिनबार गरजले. "एप्रिलमध्ये छाप. तोवर मी मेलेलाच बरा."

ही बातमी पाच मिनिटांत सगळ्या स्टँडभर फिरली आणि गावाने एकमताने फिनबारना न बघायचं ठरवलं. ते जागेवर येऊन बसले. सामना सुरू झाला. पहिल्याच गोलला ते आरोळी ठोकत ताडकन उभे राहिले.

मागून एक म्हातारी खेकसली, "ओ दिवंगत, खाली बसा की! दिसत नाहीये आम्हाला."