करीमचाचांचं पाणी

मोटारीचं बॉनेट उघडलं की करीमचाचा आधी रेडिएटरमधल्या पाण्यात बोट बुडवायचे आणि ते बोट चाटायचे. मग थुंकून निकाल द्यायचे, “उमापूरकडचं बोअर. नुसतं खारं जहर हाय.” गाडीवाला मुकाट्यानं मान हलवायचा. मला मात्र किळस यायची. एकदा न राहवून म्हणालो, “चाचा, गाडीचं पाणी चाटतात व्हय कुणी?”

“का बरं? तुमी अड्ड्यावरला चहा पिता न्हाई का? त्यापरीस हे लई साफ.”

बीडला जुन्या मोटार अड्ड्यामागं त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. नव्या गाडीला हात लावायचे नाहीत. “पिलास्टिकचा रेडिएटर. फुटला की फेका. त्याला मी काय औषध देऊ?” त्यांना हवं असायचं तांबं आणि पितळ. देशमुख-पाटलांच्या गोठ्यांत पडलेल्या निजामाच्या वेळच्या मोटारी, जुनाट लॉऱ्या आणि माझी लढाईच्या काळातली जीप. मी सहकारी साखर कारखान्यात कारकून. पावसानं दगा दिला, ऊस गेला, कारखान्याला कुलूप लागलं, तेव्हा भंगारात निघालेली ही जीप मी हौसेनं घरी आणली. बायको म्हणाली, “नोकरी गेली आन् हत्ती आणला!” खरंच होतं.

“इंजिन नवरा हाय, रेडिएटर बाई,” चाचा सांगायचे. “तापायचं त्यानं, सोसायचं हिनं.” एका लॉरीवाल्यानं गळती थांबावी म्हणून रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली होती. चाचांनी तोटी उघडली आणि पिवळं पाणी बघून असे भडकले की विचारू नका. “लगीन लावायलास का बे गाडीचं? मंग अक्षता पण टाकायच्या व्हत्या!”

दुकानात एक सिमेंटचा हौद होता. रेडिएटर काढायचा, तोंडं बंद करून हौदात बुडवायचा आणि आत हवा मारायची. बुडबुडे येतील तिथं कथील वितळवून डाग द्यायचा. दुष्काळात टँकरची वाट बघून माणसं वैतागलेली, आणि चाचा त्या हौदातलं पाणी फडक्यानं गाळून पुन्हा पुन्हा वापरायचे. गिऱ्हाईकाला प्यायला पाणी? नाव काढू नका. सगळी गल्ली म्हणायची, म्हातारा एक नंबरचा चिक्कू आहे. मीही म्हणायचो.

पण आष्टीकडं निघालेली गाडी दिसली की हाच माणूस टँकरच्या गोड्या पाण्यानं भरलेला तेलाचा डबा स्वतः उचलून गाडीत ठेवायचा. “घाटात तापली तर वता. न्हाई तापली तर आष्टीच्या अलीकडं वाडी हाय, लिंबाखाली नजमाचं घर हाय, तिथं द्या. म्हणायचं, साखर कारखान्यानं धाडलंय.” चाचांनी बघितलेली गाडी कशाला तापतेय?

नजमा म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. तिच्या लग्नात मी होतो. नवरदेव आला तोच आपल्या बापाच्या जुन्या मोटारीतून, आणि मोटार मांडवाच्या दारात वाफा सोडत बंद पडली. दुसरा बाप असता तर हार घेऊन पुढं झाला असता. चाचांनी बॉनेट उघडलं, रेडिएटर कोरडा ठाक बघितला आणि भर मांडवात व्याह्याला विचारलं, “गाडीला पानी पाजायची अक्कल न्हाई, माझ्या पोरीला काय पाजणार तुमी?” लग्न लागलं कसंबसं. पण व्याह्यानं बजावलं, पुन्हा आमचा उंबरा चढायचा नाही. जाताना नजमा बापाच्या गळ्यात पडली नाही. एवढंच म्हणाली, “अब्बा, आज माझी लाज काढली तुमी.” त्यानंतर चाचा कधी तिकडं गेले नाहीत. आणि दोन पावसाळे कोरडे गेल्यावर वाडीच्या विहिरी खरोखरच आटल्या. आपली जीभच बाधली, असं त्यांनी मनात घेतलं.

भाच्याच्या सोयरिकीसाठी मी आष्टीला निघालो तेव्हा डबा माझ्याही जीपमध्ये आला. लिंबाखालच्या घरात नजमानं तो उतरवून घेतला. मी शिकवल्याप्रमाणं म्हणालो, “कारखान्यानं धाडलंय.”

“कारखान्याला तर कुलूप हाय की, काका.” डब्याच्या बुडावरचा कथलाचा डाग दाखवत ती म्हणाली, “हा हात मी वळकत न्हाई व्हय? पहिल्या डब्यालाच कळलं.” मग पदर डोळ्याला लावून म्हणाली, “सासरे वारले. आता आडवायला कोण हाय? अब्बाला म्हणा, पानी नको. तुमी या.”

परत येऊन मी निरोप सांगितला. चाचांनी हातातल्या रेडिएटरचा डाग पुरा केला. मग म्हणाले, “गाडी कुठं हाय माझ्याकडं?”

“माझी जीप काय देवळात ठेवलीय? शुक्रवारची नमाज झाली की निघायचं.”

शुक्रवारी जीप घेऊन गेलो, तर म्हणाले, “थांबा, घाट हाय. एकडाव बघून घेतो.” आणि बघता बघता रेडिएटर खाली! हौदात बुडवला, हवा मारली. मी वाकून बघत होतो. एक बुडबुडा येईल तर शपथ.

“गळतंय,” चाचा म्हणाले. “आज जमायचं न्हाई.”

माझं डोकंच फिरलं. “कुठं गळतंय? दाखवा मला! पोरगी तिकडं वाट बघत बसलीय आन् तुम्ही धडधाकट गाडी खोलून ठेवता?”

त्यांनी हात धुतले. अंगावरचा तेलकट कोट काढला, तर आत इस्त्रीचा पांढरा झब्बा. अत्तरही लावलेलं. तसेच जाऊन जीपमध्ये पुढं बसले.

“चाचा, रेडिएटर खाली आहे.”

“ठावं हाय.” मग म्हणाले, “भाऊसाहेब, या म्हणली ती? नीट ऐकलं तुमी?”

“ऐकलं.”

“रागानं न्हाई?”

“रडत म्हणाली, चाचा.”

त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबून धरले. “मंग तुमीच बसवा त्याला. माझ्या हातात दिला तर पुन्हा गळंल.”

जन्मात पाना धरला नव्हता मी. तरी उचलला आणि विचारलं, “आधी कुठला नट?”

“खालचा,” ते बसल्या जागेवरून म्हणाले आणि तोंड पलीकडं फिरवलं.