टेलच्या खोलीतली गळती

संध्याकाळी सहा वाजले की दौलतकाका पेटती उदबत्ती हातात घेऊन घरभर फिरतात आणि वाटेतल्या देव्हाऱ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. ते वारा शोधत असतात. खिडकीच्या कडेला, दाराच्या फटीशी, टपाल टाकायच्या झडपेपाशी उदबत्ती धरायची आणि धूर वाकला की समाधानाने म्हणायचं, "सापडली गळती."

काका नगर जिल्ह्यात पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. काकू गेल्यावर त्यांच्या मुलाने, संतोषने, त्यांना आयर्लंडला आणलं. मलिंगारमधल्या या जुन्या घरात संतोष दिवसभर कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये असतो आणि वरच्या मागच्या खोलीत मी भाड्याने राहते. घर बाहेरून चित्रासारखं दिसतं, आतून चाळण आहे. घरमालकाला विचारलं तर तो म्हणायचा की जुनी घरं अशीच असतात, सगळं ग्रँड आहे, काही बिघडलेलं नाही. त्याचं स्वतःचं घर नवं आहे, हे मी मुद्दाम जाऊन बघून आले होते.

काकांनी घराचा पहिल्याच हिवाळ्यात सर्व्हे केला. बैठकीतली शेगडी म्हणजे धरण. खालचा पॅसेज मुख्य कालवा, जिना त्यातून फुटलेली वितरिका आणि माझी खोली टेल, म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक, जिथे पाणी पोचता पोचत नाही. "वाऱ्याचं अन् पाण्याचं एकच हाय ताई," ते म्हणत. "मोकळं सोडलं की जवळच्याच रानात मुरतं. दारं धरावी लागत्यात, कुठं अडवायचं, कुठं सोडायचं."

दारं म्हणून त्यांनी गोधड्या शिवल्या. सात. कालव्यावरच्या चौकीत बसून बसून ते धावदोरा शिकले होते. चॅरिटी शॉपमधले पडदे, फाटलेली दुलईची खोळ, संतोषला ऑफिसातून मिळालेले टी-शर्ट, काहीही चालायचं. पुढच्या दारावरच्या गोधडीवर त्यामुळे नऊ वेळा 'टीम' असं लिहिलेलं आहे. प्रत्येकीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने नंबर. सहा वाजता काही गोधड्या सोडायच्या, काही वर गुंडाळायच्या आणि जिन्याखाली उभं राहून, कालव्याला पाण्याची पाळी सुटल्यावर देत तशी हाळी द्यायची, "आवर्तन सुटलं!" मग शेगडीची ऊब खरोखरच जिना चढून माझ्या खोलीत यायची. त्यानंतर काका दार वाजवून विचारायचे, "पोचलं का?" पोचलं म्हटलं तरी ते दहा मिनिटं थांबायचे आणि चौकीच्या गोष्टी सांगायचे. आवर्तन सुरू असलं की तिथे दिवसभर माणसांची रीघ असायची. "भांडायला का होईना, येत होते," ते म्हणायचे.

त्याच सुमारास मी भाडेकरूंच्या हक्कांची पत्रकं छापून वाटत होते. काका दर वेळी दहा-दहा पत्रकं मागून घ्यायचे. या वयात ही जागरूकता, म्हणून मी त्यांचं उदाहरण संतोषला देत असे.

शेवटी माझ्या तक्रारीवरून काउन्सिलची तपासनीस बाई घर बघायला येणार असं ठरलं. आता अडचण अशी की घर गार असायला हवं होतं आणि काकांनी ते उबदार करून ठेवलं होतं. मी त्यांना गोधड्या काढायला सांगितल्या. त्यांनी साफ नकार दिला. चालू आवर्तनात दारं काढता येत नाहीत. तोंडी सांगून तर मुळीच नाही.

"आदेश लेखी पाहिजे," ते म्हणाले.

मी लेखी आदेश दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, आवक क्रमांक टाकला आणि मग सहकार्य केलं. केलं म्हणजे काय, सबंध पाहणी त्यांनीच चालवली. बाई आली तशी तिला पुढे घालून ते एकेका गोधडीपाशी नेत, गोधडी उचलत, उदबत्ती धरत, आणि धूर आडवा झाला की तिच्या वहीकडे बोट दाखवत. मी भाषांतराला होते, पण धुराचं भाषांतर काय करणार? चौथ्या गोधडीनंतर बाई शाबासकी देत म्हणाली, "फेअर प्ले टू यू," आणि पुढचे नंबर स्वतःच विचारू लागली.

शेवटी बैठकीला लागून असलेली, पुढच्या दाराजवळची काकांची खोली राहिली. तिथे काही नाही म्हणून त्यांनी दार अडवलं. पण बाई नियमाची पक्की. आत गेलो. धूर खिडकीपासून दूर पळाला. चौकटीच्या फटीत माझी पत्रकं घड्या घालून ठासून बसवलेली होती, आणि तरी वारा येत होता. पलंगावर विमानात देतात तसलं एक पातळ ब्लँकेट. सात गोधड्या शिवणाऱ्या माणसाच्या खोलीत एकही गोधडी नव्हती.

मी विचारलं तेव्हा ते आधी म्हणाले, "कागद जाड हाय तुमचा." मग उदबत्ती विझवत म्हणाले, "हेडवाल्यानं, धरणाजवळच्यानं, आधी भरून घेतल्यावर टेलला काय पोचतंय, ताई? जल्मभर लोकांना हेच सांगितलं."

अहवाल आला आणि घरमालकाला सगळ्या खिडक्या बदलाव्या लागल्या. मी जिंकले. त्यावर एक पत्रकही काढलं. घर सगळीकडे सारखं उबदार झालं, काकांच्या खोलीतसुद्धा. गोधड्या धुऊन, घड्या करून गरम पाण्याच्या टाकीवरच्या कपाटात गेल्या.

त्यानंतर तीन दिवस घरात सहा वाजले, एवढंच. कोणी हाळी दिली नाही, कोणी दार वाजवलं नाही. चौथ्या दिवशी पाणी प्यायला खाली गेले तर काका जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलेले. हातात काडेपेटी. समोरच्या दाराआड संतोष कोणालातरी स्क्रीन दिसतेय का असं विचारत होता. मला बघून काकांनी काडेपेटी खिशात घातली.

मी आजवर पत्रकात एक खोटी ओळ लिहिलेली नाही. म्हटलं, "काका, माझ्या खोलीत वारा येतोय."

ते वर आले. उदबत्ती लावली आणि नव्या खिडकीच्या कडेने सावकाश फिरवली. धूर ओळंब्यासारखा सरळ छतापर्यंत गेला. दोघांनीही तो नीट पाहिला.

"बारीक गळती हाय," काका म्हणाले. "डोळ्यांना नाही दिसायची. रोज बघाया लागंल."

"किती वाजता?"

"सहाला. पण तक्रार लेखी पाहिजे."

मी लिहून दिली, खाली सही केली. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. मग ते गोधडी आणायला खाली गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ जिन्याखालून हाळी आली, "आवर्तन सुटलं!"