तळघरातलं धुणं आणि कूम ओब्राद

पाद्रीबाबा न्हाणीघरात अडकले, तिथून हे सगळं सुरू झालं.

मागल्या वर्षीची गोष्ट. घराच्या संताचा दिवस, म्हणजे स्लावा, तोंडावर आला होता. बुदिमिर आणि त्याची बायको देसांका यांच्या घराचे संत योव्हान. त्याआधी पाद्रीबाबा रिवाजाप्रमाणे पाणी मंतरायला आले, हात धुवायला आत गेले आणि नेमकं त्याच वेळी धुण्याचं मशीन कपडे पिळायला लागलं. पिळायला लागलं की ते मशीन चालायचं. थडथडत ते दारापर्यंत आलं आणि दाराला टेकून बसलं. दार आत उघडणारं. बाबा आतून प्रार्थना म्हणत होते की दुसरं काही, ते देसांकाला नीट ऐकू आलं नाही, पण शेवटी त्यांना खिडकीतून बाहेर काढावं लागलं. वाल्येवो गावच्या त्या गल्लीला वर्षभर बोलायला दुसरा विषय नव्हता.

"या स्लावाच्या आत मशीन तळघरात गेलं पाहिजे," यंदा नाताळ उलटताच देसांकाने नवऱ्याला बजावलं. "नाहीतर मी तळघरात जाते. तू बस मशीनशी संसार करत."

"अगं, उद्याच प्लंबर बोलावतो," बुदिमिर म्हणाला. "फक्त आधी कूमच्या कानावर घालतो. मागाहून कळलं तर वाईट वाटेल त्याला."

इथेच माशी शिंकली. कूम म्हणजे लग्नात शेजारी उभा राहिलेला साक्षीदार, पोरांना नावं देणारा धर्मबाप. आमच्याकडे माणूस भावाशी भांडतो, शेजाऱ्याला कोर्टात खेचतो, पण कूमला नाही म्हणत नाही. आजवर कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही, आणि म्हटलं असेल तर ते लोक गाव सोडून गेले असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी कूम ओब्राद दारात हजर. त्याचं चौकात चष्म्यांचं दुकान. हातात लाल रंगाची हत्यारांची पेटी. पेटीवरचं किमतीचं लेबल अजून निघालं नव्हतं, देसांकाने ते बघून न बघितल्यासारखं केलं.

"कुमा, कॉफी टाक," ओब्राद म्हणाला. कूमच्या बायकोला हाक कुमा अशीच. "आजच उरकून टाकू."

"अहो कूम, तुम्ही कशाला त्रास घेता? आम्ही माणूस बोलावणार होतो."

"बुदिमिरने सांगितल्यावर मी घरी बसू?"

दोघा पुरुषांनी धापा टाकत मशीन तळघरात उतरवलं. तिथे राकियाच्या, म्हणजे फळांच्या घरगुती दारूच्या, बाटल्या होत्या, मिरच्यांच्या बरण्या होत्या आणि भिंतीशी देसांकाच्या कोबीचं निळं पिंप होतं. कोबी मिठाच्या पाण्यात बुडून राहावा म्हणून वर फळ्या आणि फळ्यांवर नदीतून आणलेला धोंडा. या खारवलेल्या कोबीच्या पानांत खिमा आणि भात गुंडाळून देसांका जो सारमा करायची, त्याला तोड नव्हती. नवऱ्याकडचे चाळीसेक नातेवाईक स्लावाला संतासाठी येतो म्हणायचे. यायचे ते सारम्यासाठी, हे संतालाही माहीत असावं.

घराचं सांडपाणी वाहून नेणारा पाइप तळघराच्या भिंतीतून छातीच्या उंचीवर बाहेर जात होता.

"कूम, पाइप वर आणि मशीन खाली," देसांका म्हणाली. "पाणी चढणार कसं?"

"मशीनला स्वतःचा पंप असतो, कुमा. तो ढकलतो."

"आणि स्वयंपाकघराचं पाणी याच पाइपातून जातं. ते खाली मशीनमध्ये नाही का उतरणार?"

ओब्रादने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "का उतरेल?" त्याने विचारलं.

बुदिमिरने बायकोला डोळ्यांनी दटावलं. ती गपचूप वर कॉफी बघायला गेली.

संध्याकाळपर्यंत मशीन चालू झालं. पाणी खरोखर वर चढलं. राकियाचे पेले भरले गेले, ओब्रादच्या पाठीवर थाप पडली, आणि देसांकालाही वाटलं की आपण उगाच शंका काढतो. दुसऱ्या दिवशी तिने बुदिमिरचा स्लावासाठीचा पांढरा शर्ट धुवायला टाकला आणि वर जाऊन कालच्या सूपचं पातेलं मोरीत रिकामं केलं. शर्ट बाहेर काढला तेव्हा कॉलरला शेवया चिकटल्या होत्या आणि खिशात गाजराचा तुकडा होता.

ओब्राद धावत आला. त्याने एक शेवई बोटावर घेतली आणि चष्म्याची काच बघावी तशी उजेडात धरली.

"पाणी उलटं आलं," तो म्हणाला.

"ते कळलं," देसांका म्हणाली, आणि बुदिमिरने तिच्या पायावर पाय दिला.

ओब्राद निघून गेला. दुसऱ्या दिवशी परत आला तो एक रिकामं पिंप, एक छोटा पंप आणि तयार भाषण घेऊन. "मशीनचं पाणी आधी पिंपात पडणार. पिंप भरलं की पंप आपोआप सुरू होणार आणि पाणी वरच्या पाइपात फेकणार. मध्ये झडप. झडपेमुळे वरचं पाणी खाली येत नाही." हे सगळं त्याने शाळेतल्या पोरासारखं एका दमात म्हणून दाखवलं. बोलणं अगदी बरोबर होतं. चूक एवढीच झाली की पंपाची नळी आणि भिंतीतला पाइप यांचा सांधा त्याने चिकटपट्टीने बांधला, आणि तो सांधा आला बरोबर कोबीच्या पिंपाच्या डोक्यावर.

शिवाय मशीन तळघरातही चालायला लागलं. खाली आलं म्हणून त्याची खोड थोडीच जाणार. जिन्याच्या दिशेने निघालेलं मशीन थोपवायला काहीतरी जड हवं होतं. देसांका बाजारात गेलेली. ओब्रादने इकडेतिकडे बघितलं आणि कोबीवरचा धोंडा उचलून मशीनवर ठेवला.

"तात्पुरता," तो म्हणाला.

"तात्पुरता," बुदिमिरनेही मान डोलावली. कूमने उचललेला धोंडा खाली ठेव म्हणायची त्याची काय टाप?

स्लावा परवावर आला. देसांकाने घाईघाईत, मशीनवर काय ठेवलंय हेही न बघता, टेबलावरच्या पांढऱ्या चादरी आत टाकल्या, पाहुणे यायचे म्हणून साबणाची पावडर सढळ हाताने ओतली आणि वर जाऊन केकच्या मागे लागली. खाली पिंप भरलं, पंप सुरू झाला, चिकटपट्टीने जीव सोडला. नळी सुटली ती थेट कोबीत पडली. वरच्या फळ्यांवर धोंडा नव्हता, त्या केव्हाच बाजूला तरंगत गेल्या होत्या. पंप बिचारा नेमून दिलेलं काम करत राहिला.

देसांका खाली आली तेव्हा कोबीच्या पिंपातून पांढरा फेस उतू जात होता. फेसात कोबीचे गड्डे डोकी वर काढून तरंगत होते आणि तळघराला लव्हेंडरचा वास येत होता. ती पायरीवर बसली आणि रडली. रडण्यासारखंच होतं ते. एकेक गड्डा हाताने दाबून निवडलेला, सगळी थंडी जपलेला, आणि परवा माणसं यायची.

बुदिमिरने मशीनची पिन काढली. पिंपात वाकून बघितलं. "धुऊन घेतले तर?"

"धुतलेलेच आहेत," देसांका म्हणाली.

"हे बघ, काहीही कर, पण कूमला कळता कामा नये. मेल्याहून मेल्यासारखं होईल त्याला."

"आणि मला काय होतंय, ते विचार ना."

पण तिनेही ओब्रादला फोन केला नाही. तिने केला त्याच्या बायकोला, यागोदाला. तासाभरात यागोदा नातीची बाबागाडी ढकलत आली. गाडीत दुलईखाली तिच्या पिंपातले गड्डे. वाटेत कोपऱ्यावरची म्हातारी बाळ बघायला कौतुकाने वाकली होती आणि आंबट वासाने नाक मुरडून निघून गेली होती.

"ओब्रादला यातलं काही बोलू नकोस गं," यागोदा म्हणाली. "आधीच धड जेवत नाही, झोपत नाही, नुसता छताकडे बघत पडतो. काय झालं विचारलं तर म्हणतो, कूमचं काम आहे."

दोघींनी मिळून सारमा वळला.

स्लावाच्या दिवशी मेणबत्ती लागली, पाद्रीबाबा येऊन गेले, घर माणसांनी भरलं. ओब्राद मानाच्या जागेवर. सारमा आला तशी बोलणी थांबली. ओब्रादने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"कुमा, हाताला सोनं लागलंय तुझ्या. असा कोबी आमच्याकडे जन्मात होत नाही."

यागोदाने शांतपणे पाव मोडला.

देसांकाच्या छातीवरचा दगड उतरला. सारमा वाचला, कूमला काही कळलं नाही, आता उद्या गुपचूप प्लंबर बोलावू, असं ती मनात म्हणते आहे तोच बुदिमिर पेला घेऊन उठला. राकिया त्याला जरा चढलीच होती.

"मंडळी, आमचं मशीन तळघरात गेलं, ते या माणसामुळे," तो म्हणाला. "न्हाणीघरात आता ऐसपैस जागा झालीय. तिथे नवा शॉवर बसवायचा विचार आहे. आता आपला कूम म्हटल्यावर दुसरीकडे कशाला बघायचं?"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. ओब्रादचा चेहरा उतरला, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही. देसांकाच्या डोळ्यांसमोर मात्र छतातून पाणी गळायला लागलं होतं. ती हातातलं भांडं ठेवून उभी राहिली.

"कूम, तुम्हाला देवाची आणि संत योव्हानची आण आहे," ती म्हणाली. "या घरात पुन्हा पान्याला हात लावू नका."

ही आण मोडता येत नाही, कारण कूमपणाचा राखणदार संत योव्हानच. पण ती अशा कामासाठी, त्याच संताच्या दिवशी, भर पंगतीत कोणी घातलेली नव्हती. बुदिमिरचा पेला हवेतच राहिला. तीस वर्षांचं कूमपण आपल्या बायकोने शॉवरपायी मोडलं, अशी त्याची खात्री झाली.

ओब्राद हळूहळू उठला. टेबलाला वळसा घालून देसांकाजवळ आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याने रिवाजाप्रमाणे तिच्या गालांचे तीन मुके घेतले.

"कुमा," तो म्हणाला, "हीच आण आठवड्यापूर्वी का नाही घातलीस?"

"म्हणजे?"

"अगं, मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. ती पेटी मी आदल्या संध्याकाळी विकत आणली. तुझ्या नवऱ्याने शब्द टाकला. मी काय करणार होतो?"

"शब्द?" बुदिमिर खुर्चीत बसलाच. "मी नुसतं कानावर घातलं होतं. तुला वाईट वाटू नये म्हणून."

"आणि मी आलो, तुला वाईट वाटू नये म्हणून."

पहिल्यांदा यागोदा हसली, मग कोपऱ्यातला काका, मग सगळं घर. ओब्रादने पाकिटातून एक कार्ड काढून बुदिमिरपुढे ठेवलं. "हा माझा प्लंबर. आमच्या घरातला नळसुद्धा मी याला विचारल्याशिवाय सोडत नाही. झडपेचं सगळं त्यानेच फोनवर सांगितलं. सांध्याचंही सांगत होता, तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं."

बुदिमिरने कार्ड उलटसुलट बघितलं. सवय जाते कुठे. "मग फोनही तूच कर की, कूम. तुझा माणूस आहे, मी केला तर ते बरं दिसणार नाही."

ओब्राद परत जागेवर जाऊन बसला होता. त्याने ताट पुढे ओढलं, सगळ्यांत मोठा सारमा निवडून वाढून घेतला आणि समाधानाने मान हलवली.

"शक्य नाही रे," तो म्हणाला. "आण आहे."