आप्पांचे रंग काढले, तेव्हा

"यंदाच्या वार्षिक अंकाच्या मुखपृष्ठावर जो फोटो लागेल, तो मीच काढलेला असेल! नाही लागला तर हा कॅमेरा भाट्याच्या खाडीत फेकून देईन!"

मुकुलने भर कॅन्टीनमध्ये ही गर्जना केली आणि टेबलावर मूठ आपटली. बशीतली भजी दचकून उडाली.

"फेक की," समोर बसलेली त्याच्या वर्गातली अक्षया एक भजं उचलत म्हणाली. "मग मामा बोटीवरून उतरला की तुला पण तिथेच फेकेल."

हे मात्र खरं होतं. कॅमेरा मामाचा. मामा मालवाहू बोटीवर, कायम समुद्रात. जाताना तो एवढंच म्हणाला होता, "जरा वापरात ठेव रे, नायतर लेन्सला बुरशी धरेल." पण मुकुलने ते एखाद्या संस्थानाची गादी मिळावी तसं मनावर घेतलं! कॅमेरा गळ्यात असल्याशिवाय तो प्रॅक्टिकललाही जाईना. आंघोळीला निघाला की आई मोरीच्या दारात उभी राहून तो काढून घ्यायची.

त्याचे प्रयोग सगळ्या कॉलेजला पाठ झाले होते. एकदा कातळावरचं गवतफूल टिपायला तो जांभ्यावर पालथा पडून राहिला. इतका वेळ, की एनसीसीच्या पोरांनी स्ट्रेचर आणून त्याला उचलला. "अरे, मी जिवंत आहे!" असं तो ओरडत होता, तर पोरं म्हणतात, "बोलू नको, दम लागेल!" दुसऱ्यांदा गांधीलमाश्यांचं पोळं टिपायला काजूच्या झाडावर चढला. पोळं होतं नेमकं प्राचार्यांच्या खिडकीवर आणि आत प्राचार्य डबा खात होते. तेव्हापासून ते पडदा लावून जेवतात!

शिवाय सगळं कसं, मॅन्युअल! "ऑटोवर फोटो काढणं म्हणजे दुसऱ्याने चावलेला घास खाणं," असं तो ज्युनियर पोरांना सांगायचा. पोरं माना डोलवायची. फक्त एक बारीकशी गोष्ट होती. लेन्सवरचं झाकण काढायला तो हमखास विसरायचा. त्यामुळे त्याच्या संग्रहात अंधाराचे फार सुंदर फोटो होते.

वार्षिक अंक बघायच्या मराठीच्या जोगळेकर मॅडम. त्यांनी यंदा आधीच बजावलं होतं, "मुखपृष्ठावर सूर्यास्त नको! समुद्र नको! नारळ तर अजिबात नको! माणूस हवा. आपल्या कॉलेजातला. आणि फोटो असा, की बघणाऱ्याच्या डोळ्यांत टचकन पाणी यायला हवं!"

मुकुलने कॅन्टीनभर नजर फिरवली. नजर थांबली ती गल्ल्यामागच्या आप्पांवर.

आप्पा मूळचे पूर्णगडचे. कॅन्टीन त्यांचंच. लोक म्हणायचे, आधी आप्पा आले, मग त्यांच्याभोवती कॉलेज बांधलं. कॅन्टीन कधी बंद राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं आणि आप्पांना कधी हसताना कुणी पाहिलं नव्हतं. चेहरा असा, की वळणीवर वाळत घातलेला बोंबील त्यांच्यापेक्षा हसरा वाटावा!

"आप्पा, तुमचा एक फोटो काढू?"

"नको. फोटो काढला का आयुष्य कमी होतं."

"अहो, अंकाच्या मुखपृष्ठावर येईल! अंक सगळ्या जिल्ह्यात जातो. पार मंडणगडपर्यंत!"

आप्पांचा चहा ढवळणारा हात थांबला. "मंडणगडात माझा साडू हाय."

"मग तो पण बघेल की!"

"काढ मेल्या," आप्पा टोपी नीट करत म्हणाले. "थोडं आयुष्य गेलं तर गेलं!"

संध्याकाळी पाचला मुकुलने मोका साधला. आप्पा चहा गाळत होते. पातेल्यातून वाफेचा लोट उठला, आप्पांनी डोळे मिटले आणि मुकुलने बटण दाबलं. झाकण काढलेलं होतं, हा त्या दिवसाचा पहिला चमत्कार!

घरी फोटो कॉम्प्युटरवर उघडला आणि त्याचा जीव खाली-वर झाला. आप्पा सुरेख आले होते, पण मागची भिंत पोपटी, तिच्या कडेला निळं पिंप आणि वर भगवी ताडपत्री. आप्पा जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखे दिसत होते. तेवढ्यात त्याला इंटरनेटवरच्या एका फोटोगुरूचं वाक्य आठवलं : रंग काढा, म्हणजे माणसाचा आत्मा दिसतो.

मुकुलने रंग काढले. आणि काय सांगू! वाफेचे ढग झाले. मिटलेले डोळे समाधी लागल्यासारखे दिसू लागले. मागच्या खिळ्यावर सत्यनारायणाचा सुकलेला हार लटकत होता, तो बरोबर आप्पांच्या खांद्यांवर आल्यासारखा भासू लागला. मुकुलने कडेने एक बारीक काळी चौकट मारली, खाली लिहिलं 'आप्पा', आदर म्हणून दोन जोडलेले हात टाकले, फोटो स्टेटसला लावला आणि फोन गप्प करून गाढ झोपला.

आता तुम्हीच सांगा. आपल्याकडे स्टेटसला रंगीत फोटो दिसला की वाढदिवस. पण काळा-पांढरा फोटो, त्याला चौकट, खाली जोडलेले हात? कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल!

सकाळी मुकुलने फोन बघितला आणि गादीवरच उडी मारली. रडके चेहरे! ओळीने रडके चेहरे! जोगळेकर मॅडमनी तर ओंजळभर आसवं पाठवली होती. "जिंकलो! डोळ्यांत पाणी आलं!" असं म्हणत त्याने एकूण एक माणसाला उत्तर धाडलं, "मनापासून धन्यवाद!"

तेवढ्यात अक्षयाचा फोन आला.

"मुकुल, अरे कधी झालं हे?"

"काल संध्याकाळी, पाचला."

"तू होतास तिथे?"

"म्हणजे काय! अगदी समोर उभा होतो."

"काही बोलले का रे ते?"

"छे गं! चहा गाळत होते. डोळे मिटले आणि झालं! एका क्षणात! त्यांना कळलंसुद्धा नाही."

पलीकडून हुंदका आला. हिला पण रडवलं! मुकुलची छाती फुगली. "आणि चेहरा किती शांत होता सांगू! मला तर असा आनंद झाला!"

मग अक्षया हळूच म्हणाली, "तुला धक्का बसलाय. पाणी पी." आणि तिने फोन ठेवला.

झालं! स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला साक्षीदार मिळाल्यावर बातमीला पाय कशाला हवेत, तिला पंखच फुटले. त्यात कॅन्टीनला कुलूप! जे कधी घडलं नाही, ते घडलं. शिपाई सखारामने आप्पांचा नंबर लावला, तर घंटी कॅन्टीनच्या आतूनच ऐकू आली. सखारामने दाराला कान लावला.

"आत वाजतोय," तो गहिवरून म्हणाला. "पन उचलनारा नाय रे!"

जमलेल्या पोरी हमसून रडायला लागल्या. आप्पा फोन आत चार्जिंगला लावून गेले असतील, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. दुःखात डोकं चालत नसतं. अक्षयाच्या काकांचा मिरजोळ्याला फ्लेक्स छापायचा धंदा. तिने तिथून स्टेटसवरचाच फोटो दारभर मोठा करून आणला.

मुकुल कॉलेजात आला तो तास बुडवून, शीळ वाजवत. मैदानात सगळं कॉलेज जमलेलं. स्टेजवर त्याचा फोटो, माणसाएवढा! त्याला केवढा मोठा हार! समोर उदबत्ती! एवढा मोठा करूनही फोटो फुटला नाही, हे बघून तो मनातल्या मनात मामाला सलाम करणार, एवढ्यात त्याने खालची ओळ वाचली : कै. आप्पा यांना भावपूर्ण श्रद्धांजली.

फोटो काढला का आयुष्य कमी होतं... "अरे देवा!" तो पुटपुटला. "आप्पा थोडंच घे म्हणाले होते. मी सगळंच घेतलं!"

स्टेजवर प्राचार्य रंगात आले होते. "आप्पा म्हणजे साक्षात अन्नपूर्णा! काय तो चहा! अमृत, अमृत!" गेल्याच आठवड्यात त्यांनी कप परत पाठवताना निरोप दिला होता, 'हा चहा आहे की बुडालेल्या होडीतलं पाणी?' "आजपासून आपल्या कॅन्टीनचं नाव, आप्पा स्मृती उपाहारगृह!"

सखाराम मोबाईलवर फोटो काढत फिरत होता. झाड लावा, भाषण ठोका नाहीतर माणूस जाऊ दे, वर अहवाल पाठवायचा तर फोटो लागतोच, आणि त्याच्या कोपऱ्यात ठिकाण न् वेळ छापलेली लागते. फोटो नाही म्हणजे कार्यक्रम झालाच नाही!

मुकुल मागच्या रांगेत अक्षयाशेजारी जाऊन उभा राहिला. "तुला कुणी सांगितलं गं?"

"असं काय करतोस? तूच सांगितलंस की! सकाळी फोनवर! डोळे मिटले आणि झालं म्हणालास!"

"अगं बाई, ते मी फोटोचं..."

"आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या!" प्राचार्य गरजले.

सगळं मैदान गप्प! टाचणी सोडा, गवताचं पातं पडलं तरी ऐकू येईल. मुकुलचं वाक्य अर्धवटच राहिलं.

आणि फाटकात रिक्षा थांबली.

रिक्षातून आप्पा उतरले. अंगात लग्नातला कोट, एकच बटण कसंबसं लागलेलं. मागून त्यांची बायको गंगुबाई, हिरवंगार नऊवारी, नाकात नथ, अंबाड्यात अबोलीचा वळेसर. सगळं कॉलेज माना खाली घालून उभं आहे हे बघितल्यावर आप्पांनी शहाण्या माणसासारख्या चपला काढल्या, टोपी काढली आणि मुकुलच्या शेजारी येऊन मान खाली घातली. गंगुबाईंनी डोईवर पदर घेतला.

"कोन गेला रे?" आप्पांनी कुजबुजत विचारलं.

मुकुलने नुसतं स्टेजकडे बोट केलं.

"लांबचं दिसत नाय मला," आप्पा हळहळले. "पन मानूस चांगला असनार. एवढी पोरं उभी हायत. हार पन मोठा हाय."

मुकुल घामाने निथळत होता. पण त्याही अवस्थेत त्याच्यातला कलावंत जागा झाला! माणूस स्वतःच्याच श्रद्धांजलीला मान खाली घालून उभा आहे! असा फोटो जगात कुणी काढला असेल? त्याने गळ्यातला कॅमेरा छातीपाशीच आप्पांकडे वळवला आणि न बघता बटण दाबलं. खटॅक! खटॅक! खटॅक!

त्या शांततेत ते आवाज फटाक्यांसारखे वाजले. सगळ्यांनी वळून बघितलं. जोगळेकर मॅडमनी आधी फ्लेक्सकडे बघितलं, मग आप्पांकडे, मग परत फ्लेक्सकडे, आणि त्या शेजारच्या खुर्चीत मटकन बसल्या. अक्षया किंचाळली. प्राचार्य मागे सरकले ते थेट उदबत्तीवर टेकले, आणि कुठल्याही श्रद्धांजलीत ऐकू आली नसेल अशी बोंब सगळ्या मैदानाने ऐकली!

गंगुबाई तरातरा स्टेजवर गेल्या. फ्लेक्ससमोर उभ्या राहिल्या. "अगो बाय माझे! हे तर आमचे हे!" मग कंबरेवर हात ठेवून वळल्या. "माझ्या जित्या नवऱ्याला मारलान कोनी?"

सगळ्या कॉलेजचं बोट मुकुलकडे गेलं. एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या आर्ट्स आणि सायन्सच्या पोरांचंसुद्धा!

"काकी, मी नुसते रंग काढले हो," मुकुल रडकुंडीला आला.

"कशाला काढलेस मेल्या?"

"रंग काढले की आत्मा दिसतो म्हणून..."

"आत्मा दिसायला आधी मानूस मरायला लागतो!"

मुकुलने डोळे घट्ट मिटले आणि गाल पुढे केला. पण थप्पड आलीच नाही. गंगुबाई खो खो हसत होत्या.

"डोळे उघड रे, घाबरू नको. मेल्याची खोटी बातमी उठली का मानसाचं आयुष्य वाढतं! कावळा अंगाला शिवला तर आपन अशी बातमी मुद्दाम उठवतो. ह्यानं न सांगता उठवलान!"

आप्पांनी बोटांवर हिशेब केला. "म्हंजे फोटोनं गेलेलं बातमीनं भरून आलं. फिट्टंफाट!"

"पण आप्पा, तुम्ही होतात कुठे?" अक्षयाने डोळे पुसत विचारलं.

"हिला आनायला पूर्णगडला गेलेलो. कव्हरवर मी एकटा कसा येऊ? जोडीनं नको?"

मग आप्पा स्टेजवर चढले. फोटोचा हार काढून स्वतःच्या गळ्यात घातला, खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसले. "सायेब, तुमचं भाषन कुठवर आलेलं? अन्नपूर्णा झालं का? मेल्यावर कोन ऐकनार हो! जित्यापनी ऐकायला मिळतंय, मी सोडतोय काय! बोला. चहाचं जरा मोठ्यानं बोला."

बिचाऱ्या प्राचार्यांना उभ्याने सगळं भाषण परत करावं लागलं. बसणं तसंही शक्य नव्हतं. कॅन्टीनच्या नावावर आप्पा म्हणाले, "त्यातलं 'स्मृती' तेवढं काढा, बाकी ऱ्हावंदे." मैदान हसून लोटपोट झालं आणि त्या गदारोळात इतिहास घडला. आप्पा हसले! बत्तिशी दाखवून हसले!

"मॅडम!" मुकुल धापा टाकत जोगळेकर मॅडमकडे धावला. "मी टिपलंय! आप्पा स्वतःच्याच श्रद्धांजलीला उभे! कव्हर, मॅडम, कव्हर!"

"दाखव, दाखव!"

पहिला फोटो काळाकुट्ट. दुसरा काळाकुट्ट. तिसरा त्याहून काळा. मुकुलने हळूच कॅमेरा उलटा करून बघितला. लेन्सवर झाकण, घट्ट बसलेलं.

"हा पण आत्माच का रे?" मॅडमनी विचारलं.

अंक निघाला. मुखपृष्ठावर हार घातलेले, खळखळून हसणारे आप्पा, शेजारी नथ सावरणाऱ्या गंगुबाई. आप्पांच्या अटीप्रमाणे रंगीत. खाली ठिकाण आणि वेळेची पट्टी, कडेला अर्धा अंगठा आणि बारीक अक्षरात, 'छायाचित्र : सखाराम, शिपाई'. तेराव्याला कधी येऊ म्हणून विचारणाऱ्या साडूला आप्पांनी पहिला अंक मंडणगडला धाडला.

कॅमेरा अजून खाडीत गेलेला नाही. मामाची भीती आहे. शिवाय मुकुलचं म्हणणं, हरलो कुठे? मुखपृष्ठावर मी आहेच की! आणि आहे खरा. डाव्या कोपऱ्यात, छातीशी कॅमेरा धरून. तो येईल त्याला अंक दाखवतो. फक्त दाखवताना स्वतःचा अंगठा बरोबर लेन्सवरच्या झाकणावर ठेवतो.