मागेल त्याला कोड

जावईबापूंनी शेवटचे बटण दाबले आणि सासरेबुवांनी चष्मा पुसून स्क्रीनकडे पाहिले. स्क्रीनवर त्यांचेच कुलपांचे दुकान होते. किल्लीची कुलपे, नंबरची कुलपे, छोट्या तिजोऱ्या, सगळे ओळीने मांडलेले. इतक्यात कोपऱ्यात एक चौकट उघडली आणि अक्षरे उमटली, 'नमस्कार! मी आपली काय सेवा करू?'

"हे कोण बोललं?" सासरेबुवा दचकले.

"ते गप्पांचं सॉफ्टवेअर आहे, बाबा. गिऱ्हाइकानं काही विचारलं की आपोआप उत्तर देतं."

"बघा, यंत्रसुद्धा गोड बोलतंय," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "शिका जरा."

सासरेबुवांचे जावयाबद्दल वाईट मत नव्हते, मतच नव्हते. जावई दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो आणि त्याचा पगार घेतो, एवढेच त्यांना ठाऊक होते. "हातात धरता येत नाही ते काम कसलं?" असे ते लेकीला विचारत, तेही जावयाला नीट ऐकू जाईल अशा बेताने. म्हणूनच ही वेबसाइट जावईबापूंनी जीव ओतून केली होती. उद्या सकाळी जिमचा मॅनेजर दुकानात येणार होता. त्याला जिममधल्या सगळ्या लॉकरना नंबरची कुलपे हवी होती, आणि ज्याची वेबसाइट नाही त्याचा माल घ्यायचा नाही असा त्याच्या मालकाचा हुकूम होता. एवढी मोठी ऑर्डर सासरेबुवांच्या दुकानाला कधी मिळाली नव्हती. ते त्या मॅनेजरची वाट अशी पाहत होते, जशी त्यांनी जावयाचीही कधी पाहिली नसेल.

"केवढ्याला पडलं हे?"

"फुकट. खरेदीच्या टोपलीचं, म्हणजे गिऱ्हाइकानं माल निवडून ठेवायचं सॉफ्टवेअर एकानं फुकट दिलंय, गप्पांचं दुसऱ्यानं. मी नुसती जोडली."

"फुकट ते पौष्टिक," असे म्हणून सासरेबुवा समाधानाने जेवायला उठले.

एवढ्यात वकीलबाईचा फोन आला. वकीलबाई काही वकील नव्हती. जावईबापूंच्या ऑफिसात ती शेजारच्या टेबलावर बसे. सॉफ्टवेअर घेताना जो लांबलचक परवाना समोर येतो आणि सगळे जग जो न वाचता 'मान्य आहे' दाबून मोकळे होते, तो ती शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचत असे. अशी माणसे असतात. त्यांच्यावर रागावू नये, पण त्यांचा फोनही उचलू नये. जावईबापूंनी उचलला.

"साइट बघितली तुझी. छान झालीय. टोपलीचा परवाना वाचलास?"

"वाचायला तो काय पेपर आहे?"

"त्यात लिहिलंय, साइट वापरणाऱ्या कोणीही मागितला तर त्याला सगळा कोड फुकट द्यायचा. टोपलीचा, आणि टोपलीला जे जे जोडलंय त्याचासुद्धा."

"देईन की. मागतंय कोण?"

"आणि गप्पांच्या परवान्यात लिहिलंय, खुशाल वापरा, पण आतला कोड कुणालाही दाखवायचा नाही."

एक म्हणतो दार सताड उघडे ठेवा, दुसरा म्हणतो आतून कडी घाला, आणि या दोघांना जावईबापूंनी एकाच खोलीत नांदायला आणले होते.

"मग करू काय?"

"एकाला सोडचिठ्ठी दे. गप्पा काढ, टोपली ठेव. आणि कोड मिळेल अशी सूचना पहिल्या पानावर ठळक टाक, परवान्यात तसं आहे. मागणाऱ्याला 'कशाला हवाय' म्हणून विचारायचं नाही, हेही आहे."

सासरेबुवांची सक्त ताकीद होती की साइटवर सगळे मराठीत हवे, आणि थोडक्यात हवे. म्हणून जावईबापूंनी मोठ्या अक्षरांत लिहिले, 'आमच्याकडील सर्व कोड मागेल त्याला विनामूल्य पुरवला जाईल. कारण विचारले जाणार नाही.' जागा नेमकी नंबरच्या कुलपांच्या फोटोखाली होती. ती त्यांना छानच वाटली.

आता गप्पा काढायच्या म्हणून ते पाणी पिऊन परतले, तर खुर्चीत सासरेबुवा. जेवण आटोपून ते एका बोटाने 'कसे आहात' असे टाइप करत होते.

"माझ्याशी इतक्या अदबीनं या घरात कोणी बोललं नाही हो," ते म्हणाले. जावईबापूंना चौकट काढवेना. सकाळी उठून काढू, असे ठरवून ते झोपायला गेले.

सकाळी दुकान उघडते न उघडते तोच दातांचे डॉक्टर आत घुसले.

"माझ्या कपाटाला तुमचं नंबरचं कुलूप आहे. त्याचा कोड तुम्ही मागेल त्याला देणार?"

"कोण म्हणतं असं?"

डॉक्टरांनी मोबाइल पुढे केला. सासरेबुवांनी वाचले. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचले. "कारण विचारले जाणार नाही" हे शब्द मोठ्याने वाचताना त्यांचा आवाज चिरकला.

तेवढ्यात निवृत्त हेडमास्तर आले. "माझ्या ट्रंकेचा कोड मी विसरलोय. तेवढा द्या. स्तुत्य उपक्रम आहे हं."

त्यांच्यामागे एक बाई होत्या. "मला ह्यांच्या कपाटाचा हवाय."

"तुम्हाला कशाला तो?"

"कारण विचारायचं नाही, असं लिहिलंय."

"हिला देऊ नका," बाईंच्या मागून ह्यांचा आवाज आला. "आणि हिच्या पेटीचा मला द्या."

"अहो, आम्ही कुणाचाच कोड ठेवत नाही!" सासरेबुवा ओरडले.

"मग हे काय?" बाईंनी मोबाइल नाचवला. गप्पांच्या चौकटीत उत्तर आले होते, 'आपली मागणी नोंदवली आहे. कोड लवकरच पाठवू. आमच्यावर विश्वास ठेवल्याबद्दल आभार.'

गलका ऐकून जावईबापू दुकानामागच्या घरातून तोंडात ब्रश घेऊनच धावत आले. "तो कोड म्हणजे हा कोड नव्हे!"

"मग कुठला?"

"आतला!"

"म्हणजे तिजोऱ्यांचासुद्धा?" डॉक्टर किंचाळले.

जावईबापूंनी घाईघाईने सूचना पुसली.

"काढली! पुरावा नष्ट केला!" गर्दी ओरडली. लगेच वकीलबाईचा फोन. "सूचना कुठे गेली? परवाना मोडतोय." जावईबापूंनी ती पुन्हा टाकली.

"परत लावली! काय कोडगी माणसं आहेत!"

"अरे, 'वेबसाइटचा' एवढा एक शब्द लिहायला काय झालं होतं तुला?" जावईबापूंच्या बायकोने कपाळाला हात लावला.

"कोड म्हटलं की तोच ना!"

"कुलपांच्या दुकानात?"

"आजवर मी ह्यांचे कोड पुरवले," सासूबाई दारातून म्हणाल्या, "आता बसा म्हणावं गावाचे पुरवत!"

नेमका त्याच वेळी जिमचा मॅनेजर दारात उभा राहिला. त्याने गर्दी पाहिली, मोबाइलवरची सूचना वाचली आणि हाताची घडी घातली. ऑर्डर तर गेलीच, पण उद्यापासून या दुकानातून साधी कडीही कोणी नेणार नाही, हे सासरेबुवांना स्पष्ट दिसले. मग ते स्टुलावर चढले.

"ऐका! या दुकानानं लिहून दिलेला शब्द कधी फिरवला नाही. जावईबापू, तुमचा जो काय कोड असेल तो देऊन टाका."

"सगळा?"

"मागेल त्याला."

मग जावईबापूंनी आधी गप्पांना निरोप दिला. चौकट 'नमस्कार' म्हणता म्हणताच नाहीशी झाली आणि सासरेबुवांनी क्षणभर मान खाली घातली. त्यानंतर प्रिंटर सुरू झाला. कण्हत कुंथत त्याने कागदांचा ढीग बाहेर टाकला आणि गर्दी त्यावर तुटून पडली.

कागदावर इंग्रजी अक्षरे होती, कंस होते, तिरक्या रेघा होत्या. डॉक्टरांनी कागद उलटा धरून पाहिला. नवराबायकोने एकेक पान घेतले आणि बऱ्याच दिवसांनी त्यांचे एकमत झाले, की यातले काहीच कळत नाही. हेडमास्तरांनी मात्र लाल पेन काढले. "इथे कंस उघडलाय, मिटवलेला नाही." जावईबापूंनी पाहिले. खरेच मिटवला नव्हता.

मॅनेजरने एक पान उचलले, काउंटरवरचे नंबरचे कुलूप ओढले आणि त्या पानावरचे आकडे लावून पाहिले. कुलूप उघडेना. डॉक्टरांनी दुसऱ्या पानावरचे आकडे सांगितले, बाईंनी तिसऱ्यावरचे. कुलूप ढिम्म हलेना.

"म्हणजे सगळा कोड तुम्ही उघड उघड वाटताय," मॅनेजर सावकाश म्हणाला, "आणि तरी कुलूप उघडत नाही?"

"नाही," सासरेबुवा म्हणाले. यात एक अक्षरही खोटे नव्हते.

"मग आमच्या सगळ्या लॉकरना हीच द्या."

ते ऐकून डॉक्टरांनी आणखी एक कुलूप घेतले. बाईंनी आपल्या पेटीसाठी नवे घेतले, ह्यांनी कपाटासाठी. हेडमास्तर तेवढे ट्रंक करवतीने कापायला घरी गेले.

दुपारी दुकान शांत झाले. सासरेबुवांनी उरलेले कागद गोळा केले आणि तो गठ्ठा तळहातावर तोलून पाहिला.

"एवढं सगळं तुम्ही लिहिलंत?"

"नाही बाबा. बरंचसं दुसऱ्यांचं आहे. मी नुसतं जोडलं."

"मग? लोखंड तरी मी कुठे करतो?" सासरेबुवा म्हणाले. "जोडता यायला लागतं." जावईबापूंना एकदम भरून आले. लग्न झाल्यापासून या माणसाकडून ऐकलेले हे पहिलेच कौतुक होते.

सासरेबुवांनी गठ्ठा नीट सारखा केला, दुकानातल्या सगळ्यांत चांगल्या तिजोरीत ठेवला, दार लावले आणि नंबर फिरवला.

"अहो बाबा, तो सगळ्यांसाठी उघडा ठेवायचा असतो!"

"मागेल त्याला काढून देईन की. पण असली मोलाची वस्तू उघड्यावर ठेवायची नसते."

"बरं," जावईबापू हसत म्हणाले. "नंबर काय ठेवलात?"

सासरेबुवांनी तिजोरीला पाठ लावली आणि जावयाकडे चष्म्यावरून पाहिले.

"कारण?"