मोघेकाकांची पुढची सीट

दोन हजार एकवीसच्या मार्चमध्ये आयर्लंडमधल्या आमच्या स्वोर्ड्स गावच्या गल्लीत करमणुकीची साधनं फारशी नव्हती. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, कुणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही. विमानतळ इतका जवळ, तरी डोक्यावरून एखादं विमान गेलं की पोरं बोट दाखवायची. अशा दिवसांत आमचे शेजारी मोघेकाका रोज सकाळी स्वतःच्याच गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसायचे. गाडी दारात उभी, इंजिन बंद, पुढे कुणी नाही. काका मागे, पट्टा लावून, एका हातात लिंबू, दुसरा हात पुढच्या सीटच्या खांद्यावर. काचेवर पाऊस सडासड आपटतोय आणि हे गृहस्थ उन्हाची टोपी घालून बसलेत.

समोरच्या ब्रीडाने मला कुंपणाशी गाठून काकांकडे बोट दाखवलं. "इज युवर मॅन ऑल राइट?"

"ग्रँड," मी म्हणाले. इथे घराला आग लागली तरी माणसं ग्रँडच असतात.

काका औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासायच्या खात्यात आहेत. तिथे ठरलेल्या पद्धतीपासून काही तसूभर हललं, की त्याला डेव्हिएशन म्हणतात आणि त्याचा रीतसर पंचनामा होतो. काकांनी तो शब्द घरी आणला. आमटीत मीठ जास्त पडलं, डेव्हिएशन. पाहुणे उशिरा आले, मेजर डेव्हिएशन. गणपतीला आम्ही सगळे एकेक पदार्थ करून नेतो, तर काकांच्या बेसनलाडवांच्या डब्यावर लाडू वळल्याची तारीख आणि खाण्याची शेवटची तारीख लिहिलेली असायची. एकदा मी शेवटच्या तारखेनंतर लाडू खाल्ला हे कळल्यावर काका आठवडाभर रोज फोन करून माझ्या पोटाची चौकशी करत होते.

शैलाकाकू याच्या अगदी उलट. हाताला माप नाही, तोंडाला कुलूप नाही. मी आयर्लंडमध्ये नवीन आले तेव्हा स्वयंपाकघरातल्या कपाटाला इथे प्रेस म्हणतात हे मला काकूंनी शिकवलं आणि लगेच ती प्रेस उघडून पोह्यांचं पाकीट हातात कोंबलं. काकूंना त्रास एकच होता, गाडी लागायची. आणि साधीसुधी नाही. कात्रजच्या घाटाची नुसती आठवण काढली तरी त्या लिंबू शोधायला लागायच्या. म्हणून मोघ्यांच्या घरात कायदाच होता, पुढची सीट शैलाची. काकांचे साहेब एकदा गाडीत आले, तर साहेब मागे.

दुसरं कुणी गाडी चालवत असलं की काका काकूंच्या बरोबर मागे बसणार, खांद्यावर हात ठेवणार आणि प्रत्येक वळण यायच्या आधी सांगणार, "शैला, डावं." "शैला, उजवं." वळण आधी कळलं की शरीर तयार राहतं आणि पोटात ढवळत नाही, हा काकांचा स्वतःचा शोध. आम्ही एकदा दोघांना विकलोच्या डोंगरात घेऊन गेलो होतो. गाडी माझा नवरा चालवत होता. रस्ताभर मागून डावं, उजवं, डावं, उजवं. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "मी गाडी चालवत होतो का कवायत करत होतो?" पण काकू उलटी न होता परत आल्या, हेही खरं.

अशा बाईला वाळवंट बघायचं होतं. मोरोक्कोतलं, बर्बर लोकांच्या मुलखातलं. कुठेतरी फोटो पाहिला आणि डोक्यात बसलं ते बसलं. आता त्या वाळूकडे जायचं तर ॲटलासच्या डोंगरातून, म्हणजे घाटच घाट. काकूंनी हट्ट सोडला नाही, तेव्हा काका कामाला लागले. ग्रुप टूर नको, बसमध्ये पुढची सीट कोण देणार? म्हणून प्रायव्हेट. तिथलाच बर्बर ड्रायव्हर, ब्राहिम नावाचा, त्याची स्वतःची जीप. आठवड्याभरात घाट, मातीची गावं, खजुराच्या बागा, शेवटी वाळू, आणि त्याच घाटाने परत. त्या बिचाऱ्याला काकांनी प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं. घाटात एकूण वळणं किती, या प्रश्नाचं त्याचं उत्तर काकांनी मला फोनवर दाखवलं होतं. "मिस्टर मोघे, ओन्ली गॉड इज काउंटिंग."

"हे उत्तर स्वीकारता येत नाही," काका गंभीरपणे म्हणाले.

टूर होती वीस सालच्या एप्रिलची. मार्चमध्ये जग बंद झालं. काका हिरमुसले, तर काकूच त्यांची समजूत घालत होत्या. "अहो, वाळू कुठे पळून जातेय?"

वाळू कुठेच गेली नाही. काकू गेल्या. एकवीसच्या जानेवारीत आधी खोकला, मग ताप, मग एका दुपारी दारात ॲम्ब्युलन्स. काका कोट चढवून निघाले, तर सोबत येता येणार नाही असं त्यांना सांगण्यात आलं. काका बाजूला झाले. नियम होता ना! मी माझ्या उघड्या खिडकीतून बघत होते आणि मला काकांचा असा संताप आला. त्यांच्या जागी मी असते तर ॲम्ब्युलन्सपुढे आडवी पडले असते. काकांनी फक्त एकच विचारलं.

"तिला पुढे बसवता येईल का?"

ॲम्ब्युलन्सच्या माणसांनी फार सौम्यपणे सांगितलं, की नाही, आडवंच न्यावं लागेल.

हॉस्पिटलमध्ये एका नर्सने काकूंच्या तोंडासमोर स्क्रीन धरला होता, तेवढीच शेवटची भेट. अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी. अमेरिकेतला मुलगा स्क्रीनवर, पुण्यातली बहीण स्क्रीनवर, गल्ली ओलांडली की भेटणारे आम्हीही स्क्रीनवर. कुणाचा तरी माइक चालू राहिला होता आणि मंत्र चालू असताना कुकरची शिट्टी वाजली. काका मान न वळवता म्हणाले, "डेव्हिएशन." मला हसू फुटलं आणि हसता हसताच मी ओक्साबोक्शी रडायला लागले.

मग फेब्रुवारीच्या शेवटी ब्राहिमचा मेसेज आला. पर्यटक नाहीत, जीप वर्षभर दारात उभी आहे, पण तुमचा ॲडव्हान्स परत पाठवतो. काकांनी उत्तर दिलं, पैसे नकोत, टूर कर. मिसेस मोघेंना घाटातून वाळूपर्यंत न्यायचं आणि परत आणायचं. त्यांना काय झालं तेही काकांनी त्याला एका ओळीत कळवलं.  ब्राहिमचं उत्तर आलं, "ओके. आय वॉश द जीप." त्यांच्याकडे रात्री संचारबंदी होती, दिवसा फिरायला परवानगी लागायची. ती त्याने कशी मिळवली, त्यालाच ठाऊक.

काकांच्या सांगण्यावरून त्याने व्हिडिओ कॉल लावून फोन जीपच्या मागच्या सीटपाशी बांधला. त्यामुळे समोरच्या सीटला अडकवलेल्या काकांच्या फोनवर दिसायचं काय? ब्राहिमचा एक कान, त्याचा निळा फेटा आणि उरलेल्या सगळ्या जागेत पुढची रिकामी सीट. तिच्या बाजूने दिसेल तेवढा रस्ता. मी चहा घेऊन गाडीपाशी गेले होते. छत्री सांभाळत, अंतर राखून म्हटलं, "काका, फोन पुढे लावायला सांगा की. डोंगरसुद्धा दिसत नाहीये."

"पुढची सीट बुक आहे," काका म्हणाले.

"आणि तुम्ही ड्रायव्हरच्या सीटमागे का बसलात?"

"तिकडे स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे शैला उजवीकडे. मी तिच्या मागे नको?"

मी ब्रीडाला जमेल तसं समजावलं.  "ही'ज ऑन हिज हॉलिडेज, सो," ती म्हणाली. "फेअर प्ले टू हिम." ही इथली शाबासकी. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः भाजलेला सोडा ब्रेड काकांच्या बॉनेटवर ठेवला. काकांनी तो घेतला आणि भाजल्याची तारीख विचारली.

पहिल्याच दिवशी घाट लागला. "शैला, डावं," काका म्हणाले. "शैला, उजवं." ब्राहिमला वाटलं हे आपल्याला रस्ता दाखवतायत. तो जरा दुखावलाच. "मिस्टर मोघे, धिस इज माय रोड."

"नॉट फॉर यू. फॉर मिसेस मोघे."

 दुसऱ्या दिवशी पुढच्या सीटवर घडी घातलेलं लाल घोंगडं होतं, त्यावरून पट्टा लावलेला होता आणि समोर संत्र्याची ताजी सालं ठेवलेली होती. "माय मदर, सेम प्रॉब्लेम," तो म्हणाला. काकांनी घोंगडं धुतलेलं आहे ना, हे दोनदा विचारून घेतलं.

पुढे मातीची गावं आली. काका म्हणाले, या घरांची शेवटची तारीख काय? "रेन, मिस्टर मोघे," ब्राहिम म्हणाला. खजुराच्या बागेत काकांनी काकूंसाठी खिडकी थोडी खाली करायला लावली. नेटवर्क गेलं की ते लिंबू हुंगत नुसते बसून राहायचे. ऑफिसची मीटिंग चालू असतानाही माझा अर्धा डोळा त्या गाडीवर असायचा.

वाळू आली तेव्हा मी काकांच्या गाडीच्या काचेपाशीच होते. ब्राहिमने जीप थांबवली, उतरून पलीकडे गेला आणि पुढच्या सीटचं दार सताड उघडलं. बाहेर पिवळी धमक टेकडी, त्यामागे अजून एक, मग नुसतंच आभाळ. वाऱ्याने थोडी वाळू घोंगड्यावर आली.

"शैला, आलं बघ," काका म्हणाले.

ब्राहिम घोंगडं झटकायला गेला, तर काकांनी त्याला थांबवलं.  नंतर काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला एकटीला नेलं ना त्यांनी. आपल्या कोपऱ्यावरच केवढं वळण आहे. खांद्यावर हात नव्हता. पुढे काय येतंय ते तिला कुणी सांगितलंच नसेल." लिंबू त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं. "येताना तरी त्रास झाला नाही. आता नीट परत न्यायचं तेवढं राहिलंय."

माझा जानेवारीतला संताप कुठे गेला, मला कळलं नाही. मला त्या म्हाताऱ्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण तेही नियमात बसत नव्हतं.

परतीच्या घाटाच्या दिवशी इतका पाऊस झोडपत होता की काकांनी दार उघडून म्हटलं, "मास्क लाव आणि ये आत. काचा उघड्या ठेवू." सवयीने माझा हात पुढच्या दाराकडे गेला. "मागे," काका म्हणाले. मी त्यांच्या शेजारी अंग चोरून बसले. जीप डोंगर चढायला लागली.

"शैला, डावं. शैला, उजवं. शैला, डावं."

मग एक वळण आलं आणि काका काहीच बोलले नाहीत. मी वळून पाहिलं. मास्क आतबाहेर होत होता, पण शब्द फुटत नव्हता. हात पुढच्या सीटच्या खांद्यावरच होता. वळण जवळ येत होतं. 

जीपचा वेग कमी झाला. ब्राहिमने मागे पाहिलं नाही. तो किंचित उजवीकडे झुकला, त्या लाल घोंगड्याकडे, आणि हळू आवाजात म्हणाला, "मदाम शैला... दावं."

वळण गेलं. पुढचं आलं.

"मदाम शैला... उजवं."

उच्चार चुकत होता. काकांनी तो दुरुस्त केला नाही. डोळे मिटून ते नुसते ऐकत राहिले, हात तिथेच ठेवून. आणि पूर्ण घाट उतरेपर्यंत ब्राहिमने एकही वळण सोडलं नाही.